निकोलायेवची पाच जहाजं

२१ मे २०२१ च्या संध्याकाळी विशाखापट्टणमच्या गोदीत 'आयएनएस राजपूत' या विनाशिकेवरचा, म्हणजे डिस्ट्रॉयरवरचा, ध्वज शेवटचा उतरला. कोविडचे दिवस. बाहेरून कुणाला बोलावलेलं नव्हतं, तिथल्या तिथले अधिकारी आणि नौसैनिक तेवढे हजर. आमच्याकडे त्या आठवड्यात असल्या बातमीला जागाच नव्हती. चार दिवसांपूर्वी तौक्ते वादळ किनारपट्टी झोडपून गेलं होतं, बॉम्बे हायजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला होता, 'आयएनएस कोची' त्या खवळलेल्या पाण्यातून माणसं वेचत होती आणि टीव्हीवर वाचलेल्यांचा आणि गेलेल्यांचा आकडा तासातासाला बदलत होता. 'राजपूत' खालच्या पट्टीतून सरकत निघून गेली.

मामाचा फोन आला तो मात्र दोन्ही बातम्या एकत्र घेऊन. मामा देवरुखला असतो, नेव्हीतून निवृत्त होऊन त्याला जमाना झाला. फोनवर तो ओरडूनच बोलतो, त्यामुळे आमचं संभाषण घरात कुणापासून लपत नाही. "राजपूत गेली रे," म्हणाला, "आणि कोची बघ तिकडे वादळात उभी आहे. दोघी एकाच गावच्या." मी म्हटलं, मामा, कोची आपल्या माझगावला बांधली. "बांधली असेल. इंजिन कुठलं? निकोलायेवचं."

इंजिनाचं गाव तेच जहाजाचं गाव, हा त्याचा हिशेब. नौदलावर लिहिणारे लोक असा हिशेब करत नाहीत. ते क्षेपणास्त्रं मोजतात, रडारची नावं सांगतात, कुणाकडे किती विनाशिका याचे तक्ते मांडतात. मीही तेच वाचत आलो. मी काही नौदलातला नाही; माझा समुद्र लोकलच्या खिडकीतून दिसणाऱ्या खाडीपाशी संपतो. पण मामाच्या हिशेबानं राजपूत आणि तिच्या चार बहिणी, या पाच जहाजांकडे बघायला लागल्यापासून मला त्यांची वेगळीच गोष्ट दिसायला लागली आहे.

निकोलायेव आता युक्रेनमध्ये आहे आणि नकाशावर मिकोलाइव असं लिहिलेलं असतं. दक्षिणी बूग आणि इंगुल या नद्यांच्या संगमावरचं हे जहाज बांधणाऱ्यांचं शहर. नदीतून खाली गेलं की काळा समुद्र. मामाच्या पिढीतले नौसैनिक जुनंच नाव घेतात, म्हणून मीही तेच घेतो. तिथल्या '६१ कम्युनार्ड' नावाच्या कारखान्यात सप्टेंबर १९५९ मध्ये एका नव्या धर्तीच्या युद्धनौकेचा कणा घातला गेला, म्हणजे बांधणी सुरू झाली. सोव्हिएत कागदपत्रांत तिचं नाव प्रोजेक्ट ६१, नाटोवाल्यांनी ठेवलेलं नाव काशिन. पहिली नौका 'कोम्सोमोलेत्स उक्रायनी' १९६२ च्या शेवटच्या दिवशी नौदलात दाखल झाली आणि १९७३ पर्यंत अशा वीस झाल्या. पंधरा निकोलायेवला, पाच लेनिनग्राडला.

नव्या धर्तीची म्हणजे काय, तर तिच्या पोटात बॉयलर नव्हता. तोवरच्या मोठ्या युद्धनौका वाफेवर चालत. बॉयलर पेटवा, पाणी तापवा, दाब चढेपर्यंत थांबा. ज्यांनी न्हाणीघरातला तांब्याचा बंब पेटवलाय त्यांना वेगळं सांगायला नको: घरातल्या पहिल्या माणसाला कढत पाणी मिळावं म्हणून कुणीतरी पहाटे उठून धूर खाल्लेला असतो. वाफेवरच्या विनाशिकेचं तसंच. हुकूम आला आणि निघाली असं होत नाही, कित्येक तास आधीपासून खाली माणसं घाम गाळत असतात. गॅस टर्बाइनला हे थांबणं नाही. तत्त्व विमानाच्या जेट इंजिनाचं. हवा ओढायची, दाबायची, तिच्यात इंधन जाळायचं आणि त्या तापलेल्या वायूच्या झोतावर पात्यांचं चाक फिरवायचं. थंड इंजिन काही मिनिटांत कामाला लागतं. १९६२ मध्येच ब्रिटिशांनीही आपल्या काउंटी वर्गाच्या विनाशिकांमध्ये गॅस टर्बाइन बसवली होती, पण वाफेच्या जोडीला, ऐनवेळच्या वेगासाठी. सोव्हिएतांनी बॉयलर पुरताच काढून टाकला. एवढ्या मोठ्या युद्धनौकांचा अख्खा वर्ग नुसत्या गॅस टर्बाइनवर चालवणारे ते जगात पहिले. चार टर्बाइन, दोन शाफ्ट, ७२,००० अश्वशक्ती आणि ३५ नॉटच्या आसपास वेग, म्हणजे ताशी ६५ किलोमीटर. पाण्यात हा वेग काय असतो ते मांडव्याच्या लाँचमध्ये बसून कळत नाही.

याची किंमत हवेत मोजावी लागते. टर्बाइन भसाभसा हवा खातं. ती आत आणायला आणि जळून झाल्यावर बाहेर टाकायला घरातल्या खोल्यांएवढ्या वाटा सोडाव्या लागतात. काशिनच्या फोटोत म्हणून आधी धुराडी दिसतात. दोन पुढे, दोन मागे, जोडीजोडीने, आणि प्रत्येक जोडीतलं धुराडं आपापल्या बाजूला कललेलं. मला ही जहाजं फार देखणी वाटतात. लांबट, सडपातळ, पुढे मागे समतोल. आजकालच्या सपाट भिंतींच्या, रडारला चुकवणाऱ्या नौका त्यांच्यापुढे सरकारी कपाटांसारख्या दिसतात. पण हे माझं मत झालं, आणि त्याला युद्धशास्त्रात काही किंमत नाही.

आणि आवाज. टर्बाइनचा सूर बंदरात लांबूनच ओळखू येई, म्हणून सोव्हिएत खलाशी या नौकांना 'गाणारी फ्रिगेटं' म्हणत. हे मी मोठ्या कौतुकानं मामाला सांगितलं तर तो म्हणाला, "गाणं धक्क्यावर उभं राहणाऱ्याला. आत आम्ही होतो ना." त्याचा डावा कान जवळपास गेलेला आहे, उजवा निम्मा.

मामा ईआरए होता, म्हणजे इंजिनरूम आर्टिफिसर. आमच्या गावात कुणाला हा शब्द कळत नसे, 'बोटीवर मेकॅनिक' एवढं पुरे होई. लोणावळ्याला 'आयएनएस शिवाजी'त शिकला. पुणे-मुंबई गाडीतून जाणाऱ्यांना लोणावळा म्हटलं की चिक्की आठवते, पण भारतीय नौदलाची इंजिनं चालवणारी पिढ्यान्‌पिढ्यांची माणसं त्या डोंगरात, समुद्रापासून दूर, घडली आहेत. तिथे तो शिकला ते वाफेचं. टर्बाइन त्याने प्रथम रशियनांच्या हाताखाली पाहिलं.

भारताने या नौका घ्यायचं ठरवलं ते सत्तरच्या दशकात. १९४९ मध्ये ब्रिटनकडून आणलेल्या आपल्या तीन जुन्या विनाशिका, राजपूत, राणा आणि रणजित, तोवर थकल्या होत्या. यातल्या राजपूतचं नाव डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमच्या तोंडाशी बुडालेल्या पाकिस्तानी पाणबुडी 'गाझी'मुळे सगळ्यांना ठाऊक झालेलं. त्याच युद्धात सोव्हिएत बनावटीच्या छोट्या क्षेपणास्त्र बोटींनी कराची पेटवली होती, त्यामुळे क्षेपणास्त्र म्हणजे काय चीज आहे हे कुणाला पटवून द्यायची गरज उरली नव्हती. निकोलायेवच्या त्याच कारखान्यात भारतासाठी बदल केलेल्या पाच काशिन बांधल्या गेल्या. जुन्या तिघींची नावं पुढे चालली, रणवीर आणि रणविजय ही दोन नवी आली.

बदल कुठले, यात खरी गंमत आहे. सोव्हिएत नौदलानेही आपल्या काही काशिन सुधारून त्यांच्यावर जहाजविरोधी क्षेपणास्त्रं बसवली, पण त्यांची तोंडं मागच्या बाजूला. पहिल्यांदा फोटो पाहिल्यावर मला वाटलं, छापताना उलटा झाला. तसं नाही. या नौकांचं एक काम भूमध्य समुद्रात अमेरिकन विमानवाहू नौकेच्या पाठी सावलीसारखं लागून राहायचं. दिवसचे दिवस शेपटीला चिकटून. युद्धाचा हुकूम आलाच तर वळायचं, पळता पळता मागे क्षेपणास्त्रं सोडायची आणि जमलं तर जिवंत परत यायचं. मागे वळलेल्या त्या नळकांड्यांत त्या कामाचा सगळा अंदाज, खलाशांच्या आयुष्याच्या अंदाजासकट, आधीच मांडून ठेवलेला होता. आपल्या पाचही नौकांवर हीच स्टिक्स नावाची क्षेपणास्त्रं पुढे, ब्रिजच्या म्हणजे जहाज हाकायच्या खोलीच्या दोन बाजूंना, नाकासमोर तोंड करून. आपल्याला कुणाच्या पाठी लागून राहायचं नव्हतं. कारखाना एक, आराखडा एक, आणि क्षेपणास्त्राची दिशा फिरवली की जहाजाचा स्वभाव बदलतो.

दुसरा बदल मी स्वतः पाहिलाय. मागची तोफ काढून तिथे हेलिकॉप्टरसाठी जागा केली होती. ऐंशीच्या दशकात यातल्या नौका मुंबईत असायच्या, पुढे त्या विशाखापट्टणमला गेल्या. नौदल सप्ताहात लोकांना जहाजं बघायला सोडत, तेव्हा मामा आम्हा पोरांना घेऊन गेला होता. मला इंजिनरूम बघायची होती आणि तीच बंद होती. त्याऐवजी मागच्या डेकवर एक कामोव्ह हेलिकॉप्टर उभं होतं, एकावर एक दोन पंखे असलेलं, आणि शेपटीला पंखाच नाही. चित्रातल्या हेलिकॉप्टरला असतो आणि याला नाही, हे काही केल्या पटेना. मग एका नौसैनिकाने आम्हाला दाखवलं की ज्या तुकड्यावर ते उभं आहे तो तुकडाच लिफ्टसारखा खाली जातो आणि हेलिकॉप्टर डेकच्या पोटात ठेवतात. कडेची फट एवढी बारीक होती की मुद्दाम पाहिल्याशिवाय कळत नसे. फटीला ग्रीस लागलेलं आणि ग्रीसला वाळूचे कण चिकटलेले. मामाने खाली वाकून बोटाने ते पुसलं, बोट चोळून पाहिलं आणि त्या पोऱ्याला काहीतरी सुनावलं. जहाजावरचा मामा पहिल्यांदाच दिसला तो असा, पाहुण्यांसमोर वाकलेला.

'राजपूत' ४ मे १९८० ला पोतीला नौदलात दाखल झाली. पोती काळ्या समुद्रावरचं बंदर, आजच्या जॉर्जियात. इंदरकुमार गुजराल तेव्हा मॉस्कोत राजदूत होते, ते समारंभाला होते. पहिले कॅप्टन गुलाब मोहनलाल हिरानंदानी. पुढे व्हाइस अॅडमिरल होऊन निवृत्त झाल्यावर नौदलाचा अधिकृत इतिहास त्यांनी लिहिला. तिसरी नौका रणजित १९८३ मध्ये दाखल झाली, तिचे पहिले कॅप्टन विष्णू भागवत पुढे नौदलप्रमुख झाले. मामाच्या पोतीच्या आठवणी मात्र थंडीच्या आणि पावाच्या. काळा, आंबूस पाव. पोरांनी त्यावर लोणचं लावून खाल्ला म्हणे. रशियन शिकला तो इंजिनापुरता. "तेल", "दाब", "बंद कर", "बंद करू नको" एवढं आलं की भागायचं, असं तो सांगतो, आणि शेवटच्या दोघांत घोळ करायचा नाही.

रशियन प्रशिक्षक त्याला आवडले. हातात पाना घेऊन शिकवणारे, चुकलास तर पाठीत घालणारे. पण जहाज थंड मुलुखातलं. अरबी समुद्राच्या मे महिन्यातलं पाणी आणि हवा कुणी डिझाइन करताना पाहिली नव्हती, किंवा कागदावर पाहिली होती. तापलेली हवा विरळ असते, टर्बाइनला ती कमी पुरते आणि ताकद घटते. शिवाय समुद्री हवेत मीठ. हवेबरोबर ते आत जातं, कॉम्प्रेसरच्या पात्यांवर बसतं, पात्यांचा घाट बिघडवतं. म्हणून पाती गोड्या पाण्यानं धुवावी लागतात, आणि जहाजावर गोडं पाणी म्हणजे काय असतं ते बोटीवर राहिलेल्यांना विचारा. आंघोळीला मोजून, पण टर्बाइनला वेळच्या वेळी. मामा सांगतो, "आम्ही पारोसे राहायचो, मशीन नाही."

ऐकू कमी येतं म्हणून मशीनचं ऐकू येत नाही असं नाही. एकदा दिवाळीत देवरुखला गेलो असताना दळण घेऊन आम्ही गिरणीत गेलो होतो. गिरणीच्या खडखडाटात मामाला आमचं कुणाचं बोलणं कळत नव्हतं. दळण होईपर्यंत तो दाराशी उभा होता, मग काहीतरी मनात येऊन आत गेला. गिरणीवाल्याकडून लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर मागून घेतला, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं आणि मूठ कानाच्या मागच्या हाडावर दाबून डोळे मिटून उभा राहिला. कानात नाही, कानामागे. मिनिटभर. मग दुसऱ्या बाजूचं बेअरिंग. पट्टा फिरतोय, पिठाची धूळ त्याच्या भुवयांवर बसते आहे, आणि रांगेतल्या बाया गंमत बघतायत. परत आला तो गिरणीवाल्याला म्हणाला, "डाव्या बाजूचं गेलंय. चालव, पण आठ दिवसांत बदल, नाहीतर शाफ्ट घेऊन जाईल." गिरणीवाल्याने बदललं की नाही मला माहीत नाही. पण ज्या आवाजाने त्याचे कान घेतले तो आवाज हाडातून वाचायला शिकलेला माणूस मी त्या दिवशी पाहिला.

मामासारखी माणसं या जहाजांच्या कुठल्याच तक्त्यात नसतात. 'राजपूत'च्या निवृत्तीच्या वेळी तिच्या कामगिरीची यादी प्रसिद्ध झाली: श्रीलंकेत शांतिसेनेच्या मदतीला, १९८८ ला मालदीवच्या मोहिमेत, लक्षद्वीपच्या पाण्यात. भूदलातल्या राजपूत रेजिमेंटशी तिचं नातं जोडलेलं होतं, आणि 'राज करेगा राजपूत' हे तिचं घोषवाक्य. एकतीस कॅप्टन झाले. ब्रह्मोस क्षेपणास्त्राच्या चाचण्या तिच्यावरून झाल्या, आणि म्हणून सोव्हिएत काळात जन्मलेली ही नौका या शतकात पुन्हा बातम्यांत आली. हे सगळं खरंच आहे. पण माझ्या दृष्टीने तिची मोठी कामगिरी यात येत नाही. ती कामगिरी म्हणजे १९९१ नंतर चालत राहणं.

डिसेंबर १९९१ मध्ये सोव्हिएत संघ संपला तेव्हा राजपूत अकरा वर्षांची होती आणि रणविजय अजून नवीकोरी. या पाच नौकांचा सगळा गोतावळा एका देशात होता तो बघता बघता तीन देशांत वाटला गेला. टर्बाइन युक्रेनचं, शस्त्रं बव्हंशी रशियाची, ज्या बंदरातून निघाल्या ते जॉर्जियाचं. मॉस्कोतल्या एका खात्याला पत्र लिहिलं की सुटा भाग येत असे, ते खातंच राहिलं नाही. कारखाने तिथेच होते पण पगार नव्हते, रूबलचा भाव नव्हता, आणि कुठल्या भागाचा मालक आता कोण हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. मामा तेव्हा नोकरीत होता. एका जहाजाचा पंप काढून दुसऱ्याला, दुसऱ्याचा व्हॉल्व्ह तिसऱ्याला, असं करून जे निघायचं आहे ते निघवायचं. नेव्हीत याला कॅनिबलाइज करणं म्हणतात आणि कुणी अभिमानानं म्हणत नाही. माझगाव डॉकमध्ये 'दिल्ली' ही आपली मोठी विनाशिका तेव्हा बांधून होत होती. १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये तिचा कणा घातला आणि ती नौदलात आली १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये. सोव्हिएत सामान वेळेवर न येणं हे त्या दिरंगाईचं एक मोठं कारण.

यावर जे उत्तर निघालं ते फार कुणाला माहीत नसतं. विशाखापट्टणमला गॅस टर्बाइन उघडून, दुरुस्त करून, पुन्हा जोडणारं केंद्र उभं राहिलं. आज त्याला 'आयएनएस एक्सिला' म्हणतात. जहाज नाही, जमिनीवरचा कारखानाच, नावामागे आयएनएस लावलेला. जहाजाच्या पोटातलं इंजिन काढून परदेशी पाठवायचं, महिनोन्‌महिने वाट बघायची, हे त्यामुळे बरंच थांबलं. जहाज बांधता येणं आणि जहाजाचं इंजिन उघडून बंद करता येणं यांत मला दुसरं जास्त कठीण वाटतं. बांधणारा कोऱ्या कागदावर सुरुवात करतो. उघडणाऱ्याला दुसऱ्या कुणाच्या डोक्यातला विचार पात्यापात्यातून वाचावा लागतो, तोही परक्या भाषेतल्या मॅन्युअलवरून. क्षेपणास्त्राच्या यशस्वी चाचणीला पहिल्या पानावर जागा मिळते. टर्बाइनचा ओव्हरहॉल वेळेत झाला म्हणून कुणी पेढे वाटल्याचं ऐकलेलं नाही.

तोवर मूळच्या वीस जणींचं काय झालं? एक तर फार आधीच गेली होती. 'ओत्वाझ्नी' ३० ऑगस्ट १९७४ ला सेव्हास्तोपोलजवळ सरावात असताना मागच्या क्षेपणास्त्रांच्या कोठारात आग लागून स्फोट झाला. नौका काही तास जळत राहिली आणि बुडाली, वीसहून जास्त माणसं गेली. आपली ऑर्डर त्यानंतरची, म्हणजे हे घडून गेल्यावर त्याच धर्तीच्या नौकांवर आपली माणसं चढली. एक पोलंडला गेली, तिचं नाव 'वर्शावा' झालं आणि २००३ पर्यंत ती चालली. बहुतेक बाकीच्या नव्वदीत भंगारात. एक 'स्मेतलिवी' तेवढी चिवट, १९६९ ची. डिसेंबर २०१५ मध्ये एजियन समुद्रात तिने तुर्की मच्छीमार बोटीच्या रोखाने इशाऱ्याच्या गोळ्या झाडल्या आणि ती अजून जिवंत आहे हे जगाला कळलं.

आपल्या पाचांतली रणजित ६ मे २०१९ ला निवृत्त झाली, दोन वर्षांनी राजपूत. सोव्हिएत संघ मावळल्यानंतर राजपूत जवळपास तीस वर्षं चालली. मग १८ जानेवारी २०२२ ला मुंबईच्या गोदीत 'रणवीर'च्या आतल्या एका कक्षात स्फोट झाला. ती विशाखापट्टणमहून इकडे तैनातीवर आलेली, परत निघायच्या बेतात. तीन नौसैनिक गेले. त्या संध्याकाळी मामाने फोन केला नाही. मीच केला, आणि तो नेहमीसारखा ओरडून बोलला नाही म्हणून मला नीट ऐकू आलं नाही.

पुढच्याच महिन्यात रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि निकोलायेव हे नाव माझ्या रोजच्या बातम्यांत आलं. शहर पडलं नाही, पण महिनोन्‌महिने त्यावर क्षेपणास्त्रं पडत राहिली. २९ मार्चला तिथल्या प्रादेशिक प्रशासनाच्या इमारतीचा मधला भागच ढासळला. १४ एप्रिलला रशियाची 'मोस्क्वा' ही क्रूझर युक्रेनी क्षेपणास्त्रांनी काळ्या समुद्रात बुडाली. मोस्क्वाचा कणा घातला गेला १९७६ ला, निकोलायेवला, '६१ कम्युनार्ड'मध्ये. त्याच वर्षी, त्याच कारखान्यात राजपूतचाही. ज्या गावाने तिला बांधलं त्याच गावावर चालून आलेल्या आरमाराची ती प्रमुख नौका होती. कारखान्यातल्या ज्या वेल्डरांनी दोघींवर काम केलं त्यांच्यातले कितीतरी तेव्हा हयात असतील, आणि त्यांनी ती बातमी कुठल्या तळघरात बसून ऐकली असेल, हा विचार माझ्या डोक्यातून बरेच दिवस गेला नाही.

दिल्ली, कोलकाता, विशाखापट्टणम, या वर्गांच्या आपल्या माझगावी बनलेल्या विनाशिका निकोलायेवच्याच 'झोर्या-मॅशप्रोएक्त' या कारखान्याच्या टर्बाइनवर चालतात. गोव्याच्या बंदराचं नाव असलेली 'मुरगाव'सुद्धा. आणि याच्या पुढची गोष्ट कुणी कादंबरीत लिहिली असती तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून कापली असती. २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रायमिया घेतल्यावर युक्रेनने त्याला टर्बाइन द्यायचं बंद केलं. रशियाच्या काळ्या समुद्राच्या आरमारासाठी कालिनिनग्रादला बांधायला घेतलेल्या फ्रिगेटांतल्या काही इंजिनाविना अडकून पडल्या. त्यातल्या दोन भारताने घेतल्या. टर्बाइन आपण युक्रेनकडून विकत घेतली आणि रशियाच्या गोदीत पोचवली. बाहेर दोन देशांचं युद्ध पेटलेलं, आणि कालिनिनग्रादमध्ये रशियन कामगार युक्रेनी इंजिनाला भारतीय जहाजात बसवतायत. त्यातली 'तुशिल' ९ डिसेंबर २०२४ ला नौदलात आली, 'तमाल' १ जुलै २०२५ ला.

मामाला हे सगळं वाचून दाखवलं. त्याला त्यातल्या विरोधाभासाचं काही वाटलं नाही, किंवा त्याने तसं दाखवलं नाही. त्याचा प्रश्न सरळ होता: युद्ध चालू आहे, कारखान्यावर बॉम्ब पडतायत, मग या नव्या टर्बाइनचे सुटे भाग कुठून आणणार, आणि ओव्हरहॉल किती तासांनी येतो? पहिल्याचं उत्तर एक्सिला असं मी म्हटलं, तर म्हणाला एक्सिला उघडून देईल, पाती कोण बनवणार? दुसऱ्या प्रश्नासाठी त्याने मला कामाला लावलंय. नेटवर बघून सांग म्हणतो. असल्या गोष्टी नेटवर नसतात हे त्याला पटत नाही. दर रविवारी फोन करून विचारतो, बघितलंस का, आणि मी सांगतो, बघतोय.